आटे बदलणाऱ्या हातांना आवरणार कोण?

तालुक्याच्या कुठल्याही बाजारपेठेत जा, वेल्डिंगचे सामान विकणाऱ्या दुकानाच्या काउंटरपाशी उभे राहा आणि एवढेच म्हणा, ‘घरच्या गॅसच्या टाकीला कटरचे रेग्युलेटर बसवायचे आहे.’ टाकी कोणती, गॅस कोणता, काम काय, आग मागे फिरली तर ती अडवायला नळीत काही बसवले आहे का, यातले काहीही तुम्हाला विचारले जाणार नाही. दुकानदार खणातून पितळेचा एक तुकडा काढील. एका बाजूला टाकीचे आटे, दुसऱ्या बाजूला रेग्युलेटरचे. थोडक्या पैशांत तो तुमच्या हातावर ठेवील आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळेल. त्या तुकड्यावर बनवणाऱ्याचे नाव नसते, मानकाचा क्रमांक नसतो, तो किती दाबाला टिकेल याचा आकडा नसतो. या विक्रीला व्यापार म्हणायला आम्ही तयार नाही. ही माणसे मारण्याची पूर्वतयारी आहे, आणि ती दिवसाढवळ्या चालली आहे.

हा तुकडा घेणारी माणसे कोण आहेत? ऐन गळीत हंगामात उसाची ट्रॉली मोडली म्हणून स्वतःच शेडमध्ये कटर पेटवणारा शेतकरी. आयटीआयचा वर्षभराचा वेल्डर ट्रेड पुरा करूनही कारखान्यात जागा मिळाली नाही म्हणून घरामागे पत्रे ठोकून बसलेला पोरगा. खिडक्यांचे ग्रिल, कांदाचाळीचे अँगल आणि पाण्याच्या टाकीचे स्टँड करून घर चालवणारा बाप आणि शाळा सुटली की त्याच्या हाताखाली उभा राहणारा त्याचा मुलगा. शेडच्या एका भिंतीपलीकडे स्वयंपाकघर असते, दुसरीकडे गोठा. कारखान्यांचा 1948 चा कायदा होता तेव्हाही तो या शेडला लागू होत नव्हता. विजेवर चालणाऱ्या जागेत 10 कामगार ही त्या कायद्याची मूळ मर्यादा होती, ती महाराष्ट्राने वाढवून 20 केली. बाप-लेकाच्या शेडकडे कारखाना निरीक्षक येणार कशाला? मोजक्या सिलिंडरांच्या साठ्याला परवानाही लागत नाही. म्हणजे टाकी आणि त्या मुलाचा चेहरा यांच्यामध्ये राज्याचा एकही अधिकारी उभा नाही. तिथे उभे आहे फक्त एक रेग्युलेटर आणि त्याच्या नटावरचे आटे.

ते आटे काय करतात, हे त्या दुकानदाराला ठाऊक आहे. ठाऊक असूनही तो धंदा करतो, म्हणून आमचा संताप आहे. जळणाऱ्या गॅसचे आटे डावे आणि न जळणाऱ्या गॅसचे उजवे, ही रीत जगभर पाळली जाते. ॲसिटिलिनच्या नटाच्या कोपऱ्यांवर खाच मारलेली असते, ती याचसाठी की अंधारात, धुरात, घाईत नुसते बोट फिरवूनही कळावे की हा जळणारा गॅस आहे आणि पाना उलटा फिरवायचा आहे. ऑक्सिजनची टाकी काळी, ॲसिटिलिनची मरून, आर्गॉनची निळी. ऑक्सिजनची नळी निळी, ॲसिटिलिनची लाल. आपल्याकडे व्हॉल्व्हच्या तोंडांसाठी आयएस 3224 हे मानक आहे, टाक्यांच्या रंगांसाठी आयएस 4379 आहे आणि वेल्डिंगच्या रेग्युलेटरांसाठी आयएस 6901 आहे. शंभर-सव्वाशे वर्षांत भाजलेल्या, आंधळ्या झालेल्या, मेलेल्या कामगारांच्या अनुभवातून हे शहाणपण साठत गेले. चुकीचे रेग्युलेटर चुकीच्या टाकीवर बसूच नये, माणूस थकलेला असला, नवखा असला, निरक्षर असला तरी लोखंडानेच त्याला अडवावे, हा त्यामागचा विचार. त्या विचाराला लेथवर धरून एका दुपारीत कापून टाकणारा जो अडॅप्टर आहे, त्याने त्या सगळ्या मेलेल्यांचा अपमान केला आहे.

ज्यांना हा संताप अतिरेकी वाटतो त्यांनी दाबांचे आकडे वाचावेत. ऑक्सिजनची भरलेली टाकी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 150 किलो दाबाने बसलेली असते. ॲसिटिलिनची भरलेली टाकी 15 ते 17 च्या आसपास, म्हणजे ऑक्सिजनच्या दशांश. म्हणून ॲसिटिलिनच्या रेग्युलेटरवरचे टाकीकडचे घड्याळ 40 च्या आसपास संपते आणि ऑक्सिजनचे त्याच्या कितीतरी पुढे जाते. आता मधे एक पितळी तुकडा घालून ॲसिटिलिनचे रेग्युलेटर ऑक्सिजनच्या टाकीवर चढवा. टाकीची चावी फिरताक्षणी आतला पातळ पडदा, त्याची स्प्रिंग, छोटी सीट आणि काचेचे घड्याळ यांच्यावर असा दाब येतो जो सोसायला ती बनवलेलीच नाहीत. काच फुटून डोळ्यात गेली तर त्या दिवशी नशीब बरे होते असे म्हणायचे, कारण त्याहून वाईट घडू शकते.

वाईट घडते ते असे. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्याच्या दाबाखाली जे एरवी पेटत नाही तेही पेटते. तेल, ग्रीस, डिझेलचा हात, चिंधीला लागलेला चिकटपणा, सारे. चावी झटक्यात उघडली की रेग्युलेटरच्या चिंचोळ्या जागेत 150 च्या दाबाचा वायू एका क्षणात घुसतो, आतली हवा दाबली जाते आणि तिचे तापमान, निव्वळ हिशेबाने पाहिले तर, 900 अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. तिथे ग्रीसचा एक ठिपका असला की तो पेटतो, त्याने सीट पेटते, सीटने धातू पेटतो, आणि रेग्युलेटरच्या कुशीतून ज्वाळा बाहेर येते ती समोर उभ्या असलेल्याच्या छातीवर. म्हणून ऑक्सिजनचे रेग्युलेटर कारखान्यात तेलरहित करून, स्वच्छ धुऊन बांधले जाते. हवेच्या कॉम्प्रेसरवरचे किंवा नायट्रोजनवरचे जुने रेग्युलेटर त्या स्वच्छतेने बनवलेले असेलच असे नाही. भंगारात वजनावर घेतलेले, पेट्रोलने धुऊन चकचकीत केलेले, आटे जाम झाले म्हणून ग्रीस लावून मोकळे केलेले रेग्युलेटर ‘ऑक्सिजनला चालेल’ असे सांगून विकणारा माणूस विस्तव विकत असतो. गळती थांबवायला आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळून देणाराही त्याच पंक्तीतला. तिथली पकड धातूच्या गोल तोंडाने धातूच्या बैठकीवर घट्ट बसण्याने होते, आट्यांतल्या पट्टीने नव्हे. पट्टी लावावी लागते याचा अर्थ जोडच चुकीचा आहे.

आणि आता स्वयंपाकघरातली लाल टाकी. या जोडणीबद्दल आम्हाला सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण गावोगावच्या शेडमध्ये आज सर्वाधिक धोका याच टाकीतून उभा आहे. 14.2 किलोच्या घरगुती टाकीचा व्हॉल्व्ह स्वतःहून बंद होणारा आहे. मधली पिन दाबली तरच गॅस सुटतो, आणि ती पिन दाबायचा अधिकार एकट्या घरगुती रेग्युलेटरला दिलेला आहे. ते रेग्युलेटर शेगडीला गॅस देते तो दर चौरस सेंटिमीटरला साधारण 30 ग्रॅम दाबाने. कटरला त्याच्या कितीतरी पट दाब लागतो. मग काय करतात? रेग्युलेटर काढून फेकतात, पिन कायमची दाबून धरणारा तुकडा व्हॉल्व्हवर बसवतात आणि टाकीतला पूर्ण दाब नळीत सोडतात. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या जिवासाठी त्या व्हॉल्व्हमध्ये जी राखण ठेवली होती, ती त्या क्षणी संपते. नळी सुटली, फाटली, उंदराने कुरतडली तरी आता काहीही आपोआप बंद होणार नाही. नळीही बहुधा ॲसिटिलिनची असते, आणि एलपीजी त्या जातीच्या रबराला हळूहळू आतून पोखरतो. एलपीजी हवेहून जड आहे. तो उडून जात नाही, जमिनीवर पसरतो, खड्ड्यात, गटारात, जोत्याखाली साचतो आणि ग्राइंडरच्या पहिल्या ठिणगीची वाट पाहतो.

इथेही थांबत नाहीत. मोठे काम काढले की टाकीतला द्रव झपाट्याने वाफ होतो, टाकी गार पडते, तिच्या अंगावर बर्फ धरतो, ज्योत मंदावते. मग टाकी उकळत्या पाण्यात उभी करतात. काही जण तिला बाहेरून ज्योत दाखवतात. हे आम्ही कल्पनेने लिहीत नाही. ज्याने गॅस कटिंग करणाऱ्या चार शेडांवर चक्कर मारली आहे त्याला विचारा.

शिवाय ऑक्सिजन कटरकडे चार-पाच किलोच्या दाबाने येत असतो आणि एलपीजी त्याच्या तुलनेत अगदी कमी दाबाने. नोझलमध्ये वितळलेल्या लोखंडाचा एक कण अडकला की जास्त दाबाचा ऑक्सिजन कमी दाबाच्या नळीत उलटा शिरतो आणि गॅसच्या टाकीकडे चालू लागतो. ज्योत त्याच्या मागोमाग जाते. ती अडवण्यासाठी उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह आणि फ्लॅशबॅक अरेस्टर असतात. पितळी तुकड्याच्या दुकानात ते दाखवतही नाहीत. बरे, एवढा जीव धोक्यात घालून साधते काय? एलपीजीची ज्योत पत्रा कापायला, पितळ ओतून झाळायला चालते, पण लोखंडाचे खरे गॅस वेल्डिंग तिच्यावर होत नाही, त्याला ॲसिटिलिनच लागतो. ‘याच टाकीवर वेल्डिंगही होईल’ असे सांगून सेट विकणारा माणूस जीव धोक्यात घालतो आणि वर पैसेही लुबाडतो. कटिंगसाठी व्यापारी वापराच्या वेगळ्या टाक्या मिळतात. घरगुती टाकी अशा कामाला वापरणे 2000 सालच्या एलपीजी वितरण आदेशाने मना आहे. मग या लाल टाक्या शेडपर्यंत पोहोचवतो कोण? गाडीवरून परस्पर उतरवून देणाऱ्यांची नावे गावात पोराटोरांना माहीत असतात. ती पुरवठा अधिकाऱ्याच्याच कानावर जात नाहीत, यावर आमचा विश्वास नाही.

ॲसिटिलिन हा तर मुळातच चिडखोर वायू. मोकळ्या स्थितीत तो दीड-एक किलोच्या दाबापलीकडे गेला की हवेची गरज न लागताही स्वतःच स्फोट पावू शकतो. म्हणून टाकीत सच्छिद्र भराव असतो, त्यात ॲसिटोन मुरवलेला असतो आणि ॲसिटिलिन त्यात विरघळवून ठेवलेला असतो. टाकी आडवी टाकून वापरली तर ॲसिटोन नळीत येतो. नळीला जोडायला तांब्याची नळकांडी लावली तर तांब्याशी संयोग होऊन असा क्षार बनतो जो नुसत्या धक्क्याने फुटतो. या वायूला आवरण्यासाठी ज्यांनी आयुष्य घातले त्यांत स्वीडनचे गुस्ताफ दालेन होते. दीपगृहांसाठी गॅसच्या साठ्यावर चालणारे स्वयंचलित रेग्युलेटर शोधल्याबद्दल 1912 सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. ते स्वीकारायला ते जाऊ शकले नाहीत. त्याच वर्षी ॲसिटिलिनच्या टाक्यांची सुरक्षा तपासताना झालेल्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली होती, आणि पारितोषिक त्यांच्या भावाने घेतले. ज्या माणसाने रेग्युलेटर घडवले त्याचेही डोळे या वायूने सोडले नाहीत. आणि आपल्याकडे त्या रेग्युलेटरचे आटे कोणीही, कुठल्याही लेथवर, कुठल्याही टाकीच्या मापाने फिरवून देतो!

सीओटू आणि आर्गॉनच्या मशीनवाल्यांनी हे आपल्याला लागू नाही असे समजू नये. 20 अंशांना सीओटूच्या टाकीत सुमारे 57 बार दाब असतो. 31 अंशांच्या पुढे त्या टाकीत द्रव आणि वाफ हा भेदच उरत नाही, आणि चंद्रपूर-अकोल्याच्या 45 अंशांच्या उन्हात ठेवलेली पूर्ण भरलेली टाकी 100 बार ओलांडते. जी जोडणी जानेवारीत ‘चालली’, ती मे महिन्यात चालेलच असे नाही. जळणारा गॅस नाही म्हणून वाटेल ते रेग्युलेटर लावणाऱ्यांना दाब मारतो. आणि बंद खोलीत गळलेला आर्गॉन किंवा सीओटू आवाज न करता, वास न देता माणसाला गुदमरवतो.

स्फोट झाला की पुढे काय होते, तेही महाराष्ट्राला पाठ आहे. पंचनामा होतो. ‘वेल्डरच्या निष्काळजीपणामुळे’ असे एक वाक्य लिहिले जाते. मेलेला माणूस आपल्या बाजूने बोलू शकत नाही, म्हणून सारा दोष त्याच्याच नावावर चढतो. अडॅप्टर कोणी बनवला, कोणी विकला, टाकी कोणी दिली, देताना रेग्युलेटर पाहिले का, हे विचारायला कोणी त्या दुकानाची पायरी चढत नाही. हे वाक्य आम्हाला मान्य नाही. ज्याला शिकवले नाही, ज्याला मराठीत एक ओळ लिहून दिली नाही, ज्याच्या हातात बनावट वस्तू खरी म्हणून ठेवली, त्याला निष्काळजी म्हणणे हा मेलेल्या माणसावर केलेला दुसरा घाव आहे. निष्काळजी तो आहे ज्याच्या हातात अधिकार होता आणि ज्याने तो वापरला नाही.

अधिकार कोणाच्या हातात आहे? 1884 च्या विस्फोटक कायद्याखाली 2016 चे गॅस सिलिंडर नियम आहेत. ते राबवणारी पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, हिचे मुख्यालय दुसरीकडे कुठे नाही, आपल्या नागपुरात आहे. तिचा पूर्वज असलेला विस्फोटक विभाग 1898 सालचा. सव्वाशे वर्षांचा अनुभव असलेल्या या कार्यालयाला आम्ही उघड विचारतो: बाजारात बिननावाचे अडॅप्टर विकणाऱ्या दुकानांवर तुमची नजर कधी जाणार? भारतीय मानक ब्युरोला विचारतो: मानक छापून ग्रंथालयात ठेवले की तुमचे काम संपले का? राज्याच्या पुरवठा खात्याला विचारतो: घरगुती टाक्या शेडमध्ये दिसतात, त्या तुम्हालाच कशा दिसत नाहीत?

गरिबाला नवे रेग्युलेटर परवडत नाही, असे सांगून या धंद्याचे समर्थन करणारे लोक आहेत. गरिबाच्या नावाने गरिबाचा जीव विकण्याची ही जुनी युक्ती आहे. तिला उत्तर आपल्या प्रत्येक घरातच आहे. स्वयंपाकाच्या गॅसची जोडणी घेतली तेव्हा एजन्सीने टाकीबरोबर रेग्युलेटरही अनामत घेऊन दिले होते. ते बिघडले तर आपण दुकानात नवे शोधत फिरत नाही, एजन्सीकडे जातो. टाकी आणि रेग्युलेटर एकाच हातातून आले, म्हणून स्वयंपाकघरात अडॅप्टरचा बाजार उभा राहिला नाही. मग ऑक्सिजन, ॲसिटिलिन, सीओटू आणि कटिंगच्या एलपीजीची टाकी अनामत घेऊन देणाऱ्या विक्रेत्यावर त्याच टाकीचे तपासलेले, मानकाचा शिक्का असलेले रेग्युलेटर अनामतीवर देण्याचे बंधन का नको? वेल्डरला एकरकमी पैसे घालावे लागणार नाहीत, आणि कोणत्या टाकीवर कोणते रेग्युलेटर गेले याची नोंद विक्रेत्याच्या वहीत राहील. अपघात झाला तर ती वही बोलेल. विक्रेत्यांना हे नको असेल तर ते का नको, हे त्यांनी चव्हाट्यावर येऊन सांगावे.

याबरोबरच बनवणाऱ्याचे नाव आणि दाबाचा आकडा नसलेला, दोन वेगळ्या गॅसचे आटे जोडणारा कोणताही तुकडा बनवणे आणि विकणे हा थेट गुन्हा ठरवा. दंडाची पावती नको, दुकानाला टाळे हवे. टाकीवर गॅसचे नाव आणि वापराचे चार नियम ठळक मराठीत चिकटवा. आणि आयटीआयची दारे वर्षातून काही दिवस या शेडवाल्यांसाठी उघडा. तिथे शिक्षक आहेत, उपकरणे आहेत. गावचा वेल्डर आपले रेग्युलेटर घेऊन येईल, ते ऑक्सिजनसाठी स्वच्छ आहे का, सीट गळते का, घड्याळ शून्यावर परतते का, हे तिथल्या तिथे पाहून दिले जाईल. याला नवे खाते लागत नाही, लागते ती लाज.

तोवर, शेडमध्ये काम करणाऱ्या प्रत्येक भावाला आमचे हात जोडून सांगणे आहे. आज काम सुरू करण्यापूर्वी टाकीपाशी जा. टाकी आणि रेग्युलेटर यांच्यामध्ये पितळेचा तिसरा तुकडा असेल तर चावी बंद करा, नळी रिकामी करा आणि तो तुकडा काढा. रेग्युलेटरवर कोणत्या गॅसचे नाव आहे ते वाचा. नाव पुसले गेले असेल तर ते वापरू नका. बसवताना नट हाताने सरळ फिरत नसेल तर पान्याने जोर लावू नका. तो बसत नाही, कारण तो त्या टाकीचा नाही. ऑक्सिजनला तेलाचा हात लावू नका, रेग्युलेटरचा दट्ट्या सैल करून मगच टाकीची चावी हळूहळू उघडा, आणि उघडताना घड्याळासमोर तोंड नेऊ नका, बाजूला उभे राहा. मुलाला त्या वेळी शेडच्या बाहेर उभे करा. आणि तो तुकडा ज्या दुकानातून आणला होता, त्याच्या काउंटरवर तो परत नेऊन ठेवा, पैसे मागा, आणि नाही दिले तर दुकानाच्या नावासह तक्रार लिहून नागपूरला पाठवा.